स्थिरांकाचं एकक पाठ न करता कसं काढायचं

गुरुत्व स्थिरांकाचं एकक रात्री पाठ करायचं आणि सकाळी पेपरात वर्ग कुठे, घन कुठे यात अडकायचं, असं अनेकांचं होतं. खरं तर पाठांतराची गरजच नाही. एकक सूत्रातच असतं.

वहीत न्यूटनचं सूत्र लिहा: बल = स्थिरांक × वस्तुमान × वस्तुमान ÷ अंतराचा वर्ग. स्थिरांक एकटा डावीकडे ठेवा. उजवीकडे उरेल बल × अंतराचा वर्ग ÷ वस्तुमानाचा वर्ग. आता प्रत्येक राशीच्या जागी तिचं एकक मांडा: न्यूटन·मी²/किग्रॅ². बरेच जण इथेच थांबतात. थांबू नका.

न्यूटन हे मूळ एकक नाही, ते फोडा. बल म्हणजे वस्तुमान × त्वरण, म्हणून न्यूटन = किग्रॅ·मी/से². आता अंशात एक किग्रॅ आहे आणि छेदात दोन. वरचा एक, खालचा एक खोडा. मी आणि मी² मिळून मी³. हाती राहिलं मी³/(किग्रॅ·से²).

याला सूर्याच्या वस्तुमानाने गुणलं, तर किग्रॅ जातो आणि मी³/से² उरतं. वर अंतराचा घन, खाली काळाचा वर्ग! ग्रहाच्या परिभ्रमणकाळाचा वर्ग सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो, हा केप्लरचा १६१९ साली प्रसिद्ध झालेला नियम त्या एककात दिसतो. मला तर हे दर वेळी नवं वाटतं.

पडताळाही घ्या. गुरुत्व स्थिरांकाच्या मूल्याला, म्हणजे ६.६७४ × १०⁻¹¹ ला, पृथ्वीच्या वस्तुमानाने (५.९७ × १०²⁴ किग्रॅ) गुणा, त्रिज्येच्या (६.३७ × १०⁶ मी) वर्गाने भागा. उत्तर साधारण ९.८ आणि एकक मी/से², म्हणजेच गुरुत्व त्वरण.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. नुसत्या संख्यांना मिती, म्हणजे एककांची घडण, नसते. केप्लरच्या नियमाच्या पूर्ण सूत्रात ‘पाय’च्या (π) वर्गाची चौपट येते, ती या रीतीने सापडत नाही.

आता प्लँक स्थिरांक तुम्ही करून पाहा. ऊर्जा = स्थिरांक × वारंवारता. वारंवारतेचं एकक १/से, म्हणून स्थिरांकाचं जूल·से. जूल फोडलात की किग्रॅ·मी²/से येईल. वस्तुमान × वेग × अंतर यांचं, म्हणजे कोनीय संवेगाचं एककही हेच. हायड्रोजन अणूतल्या इलेक्ट्रॉनचा कोनीय संवेग या स्थिरांकाला ‘पाय’च्या दुपटीने भागून येणाऱ्या राशीच्या पूर्ण पटीतच असतो, असं नील्स बोर यांनी १९१३ मध्ये मांडलं. मिती जुळत नसत्या तर ते समीकरण लिहिताच आलं नसतं.