जैसलमेर की बिकानेर? मुक्काम ठरवताना या चुका टाळा

कापसाचे पैसे हातात आले, मुलांना सुट्ट्या लागल्या, की जळगाव-धुळ्याकडची बरीच कुटुंबं राजस्थानला निघतात. वाळवंट बघायचं हे पक्कं असतं. मुक्काम जैसलमेरला टाकायचा की बिकानेरला, हे मात्र मोबाइलवर आलेल्या पॅकेजवर सोडून दिलं जातं, आणि सहल तिथेच फसते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ही दोन गावं शेजारी समजणं. नकाशावर बोटभर अंतर दिसतं. रस्त्याने ते सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे गाडीने साडेपाच-सहा तास. ‘बिकानेरला राहू आणि एका दिवसात जैसलमेरजवळचे समचे वाळूचे टिब्बे (वाळूच्या टेकड्या) करून येऊ’ असं ठरवलं, तर दिवस गाडीतच संपतो.

म्हणून आधी घरात एकच गोष्ट विचारा: आपल्याला वाळू बघायची आहे की गाव? वाळू हवी असेल तर जैसलमेर. समचे टिब्बे शहरापासून साधारण 40 किलोमीटरवर, खुरीचे 50च्या आत-बाहेर. समला जीप, डीजे, उंटांच्या रांगा, सगळी जत्रा असते. शांतता हवी असेल तर माझं मत खुरीच्या बाजूने. सम आणि खुरीत तंबू एकाच रात्रीपुरता घ्या, बाकी मुक्काम शहरात. दिवसा तंबूत करण्यासारखं काही नसतं, आणि गडीसर तलाव, पटवों की हवेली नीट बघायची तर शहरातच राहावं लागतं.

तंबू ठरवताना फोनवर नुसता ‘सगळं पॅकेजमध्ये आहे का?’ विचारू नका. उत्तर नेहमी ‘हाँ जी’ असंच येतं. तंबू टिब्ब्यांना लागून आहे की डांबरी रस्त्याला? उंटाची फेरी किती वेळाची? जीपचे पैसे वेगळे का? रजया किती? उत्तरं मेसेजवर लिहून मागा.

रजयांचं मुद्दाम म्हणतोय, तिकडे ऊन आणि थंडी दोन्ही टोकाची. ‘आम्हाले उन्हाचं काय सांगता भो’ हे आपलं ठरलेलं वाक्य, आणि मे महिन्यात 45 अंश सोसणाऱ्याला ते शोभतंही. पण याच दोन शहरांच्या वाटेवरच्या फलोदीत 19 मे 2016 रोजी 51 अंशांची नोंद झाली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे जाऊच नका. डिसेंबर-जानेवारीत उलटा घोळ होतो: दुपारी ऊन बरं वाटतं म्हणून स्वेटर बॅगेच्या तळाशी जातात, आणि रात्री उघड्या वाळूवर पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरला की लहान मुलं कुडकुडतात. कानटोपी घ्याच.

सोबत म्हातारी माणसं असतील तर बिकानेरचा विचार मनापासून करा. जुनागढ किल्ला सपाट जमिनीवर आहे. आत जिने आहेत, पण डोंगर चढावा लागत नाही. रामपुरिया हवेल्या, उंट संशोधन केंद्र, गल्लीगल्लीतली ताजी भुजिया असं सगळं निवांत होतं. 30 किलोमीटरवर देशनोकचं करणीमातेचं मंदिर आहे. तिथे उंदीर मोकळे फिरतात, त्यांना काबा म्हणतात. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि फरशीवर दाणे, दूध सांडलेलं असतं. जुने मोजे घालून जा, पाय घासत चाला आणि किळस वाटणाऱ्याला आधीच कल्पना द्या.

जैसलमेरच्या किल्ल्यात खोली घेण्याचा मोह मोठा असतो. तो टाळा. माणसं राहतात असा हा किल्ला आहे, आणि वाढलेल्या पाणीवापराने सांडपाणी मुरून त्याचा पाया भुसभुशीत होतोय. किल्ल्याबाहेरच्या गच्चीवरून तो अख्खा सोनेरी दिसतो, सामानही चढावर ओढावं लागत नाही.

प्रवास आपल्याकडून नंदुरबार-सुरत-अहमदाबाद असा सोयीचा पडतो. जैसलमेरला रेल्वे संपते, त्यामुळे परतीचं तिकीट आधी काढा, हॉटेल नंतर. पुढे जयपूर किंवा शेखावाटी (रंगीत हवेल्यांचा भाग) करायची असेल तर शेवटचा मुक्काम बिकानेरला ठेवा, तिथून वाट सरळ आहे.

बुकिंग बिकानेरचं होऊन बसलंय आणि मुलं वाळूसाठी हटून आहेत? शहराजवळ रायसरला टिब्बे आहेत. समइतके मोठे नाहीत, पण संध्याकाळभर घसरगुंडी खेळायला पुरतात. दोन्हीकडचं बुकिंग असेल तर मधला दिवस नुसता धावण्यात घालवू नका. फलोदीजवळ खीचनला हिवाळ्यात हजारो कांड्या करकोचे उतरतात आणि गावकरी त्यांना दाणे घालतात. ते सकाळी दिसतात, म्हणून बिकानेरहून पहाटेच निघा. पुढे पोखरणच्या अलीकडे रामदेवऱ्याला लोकदेव रामदेव पीरांच्या समाधीचं दर्शन घ्या. संध्याकाळी जैसलमेर गाठता येतं.