फुकट वॉलेटसाठी पैसे मागताय? या चुका टाळा

पुण्यात क्रिप्टो म्हटलं की अजून गेनबिटकॉइनचा गुंतवणूक घोटाळा आठवतो. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी त्या प्रकरणात अटका केल्या, तेव्हापासून ‘बिटकॉइनवाला’ दिसला की लोक पाकीट सांभाळतात. त्यामुळे हिंजवडीतली नोकरी सांभाळून रात्री मुक्त वॉलेट (बिटकॉइन ठेवायचं-पाठवायचं, कोड सगळ्यांना खुला असलेलं ॲप) लिहिणाऱ्याने पैशांच्या बाबतीत जरा जास्तच स्वच्छ राहावं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे छुपी फी. पाठवलेल्या रकमेतला अर्धा टक्का गुपचूप आपल्या पत्त्यावर वळवायचा. 0.01 बिटकॉइन पाठवणाऱ्याचे 5,000 सातोशी (बिटकॉइनचं सगळ्यात लहान एकक) जातात, आणि त्या बिचाऱ्याला वाटतं नेटवर्कची फी वाढली. हे लपतही नाही. प्रत्येक व्यवहारात तोच पत्ता जादा आउटपुट, म्हणजे पैसे जाण्याचं आणखी एक ठिकाण, म्हणून दिसतो, म्हणजे हे सगळे तुमच्याच वॉलेटचे ग्राहक, हे जगाला कळतं. शिवाय त्या आउटपुटमुळे व्यवहार साधारण 31 व्हर्च्युअल बाइटनी फुगतो, आणि नेटवर्कची फी आकारावर ठरते. त्याचा भुर्दंडही ग्राहकालाच. ‘देणगी द्या’ची चौकट आधीच टिक करून ठेवणं हा याचाच सभ्य अवतार.

फी घ्याच, पण ‘पाठवा’ बटणाच्या वर, वेगळ्या ओळीत, रुपयांत लिहून. मेटामास्क हे वॉलेट स्वॅपवर, म्हणजे एक क्रिप्टो देऊन दुसरं घेण्यावर, 0.875 टक्के घेतं आणि तसं सांगतं. साध्या पाठवण्यावर स्वतःची फी लावत नाही. ही विभागणी मला पटते.

जाहिराती, स्वतःचं टोकन (स्वतःच काढलेलं क्रिप्टो नाणं), ग्राहकांचे आयपी पत्ते विकणं: नको, नको आणि अजिबात नको.

‘देणगीचा पत्ता टाकलाय, पण कुणी देत नाही,’ ही नेहमीची रड. बिटकॉइनचे व्यवहार सगळ्यांना दिसतात, त्यामुळे एकच कायमचा पत्ता असेल तर कोणत्या पत्त्यावरून किती आले ते चारचौघांत उघड होतं. मग कोण देईल? बीटीसीपे सर्व्हर हे बिटकॉइन स्वीकारायचं मुक्त सॉफ्टवेअर स्वतः चालवा, ते दर वेळी नवा पत्ता देतं, आणि पैसे खर्च करायची खाजगी किल्ली सर्व्हरवर ठेवावी लागत नाही. रीडमीमधला, म्हणजे प्रकल्पाच्या माहिती-फाइलमधला, पत्ता बदलणारी पुल रिक्वेस्ट (बाहेरच्याने सुचवलेला बदल) मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा, नाहीतर देणगी भलत्याच्याच खिशात जाईल.

करही बघा. नात्याबाहेरून वर्षात 50,000 रुपयांच्या वर आलेली क्रिप्टो भेट घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात, आणि कामाबद्दल मिळालेले पैसे भेट ठरतीलच असं नाही. सीएकडे मार्चअखेरीच्या गर्दीआधी जा. ट्रस्ट काढून परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए या परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आधी.

पैसेच न मागणं हीसुद्धा चूकच. इव्हेंट-स्ट्रीम ही फुकटात सांभाळलेली लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) थकलेल्या लेखकाने एका अनोळखी स्वयंसेवकाच्या हवाली केली. 2018 मध्ये तिच्यातून कोपे या बिटकॉइन वॉलेटच्या किल्ल्या चोरणारा कोड घुसला. झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीचा फ्लॉस फंड मुक्त प्रकल्पांना 10,000 ते 1,00,000 डॉलर देतो. अर्जासाठी प्रकल्पाची पैशांची गरज मांडणारी फंडिंग डॉट जेसन फाइल लागते. ओपनसॅट्स ही संस्था बिटकॉइनच्या मुक्त प्रकल्पांना अनुदान देते. अर्जात सर्व्हरच्या बिलासोबत स्वतःच्या तासांचे पैसेही लिहा. तिथेच आपली मंडळी लाजतात.