कागद पोहोचला कधी?

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी १७९३ ते १८०३ या काळातलं अमेरिकेचं परराष्ट्र धोरण घेतलं. पहिले काही महिने अर्थमंत्री हॅमिल्टन ब्रिटनकडे झुकलेले, परराष्ट्रमंत्री जेफरसन फ्रान्सकडे, या एकाच भांडणात गेले. मसुदा परत देताना मार्गदर्शक बाईंनी समासात लिहिलं होतं, ‘हे त्यांना त्या दिवशी ठाऊक होतं का?’

तेव्हापासून मी प्रत्येक कागदापुढे दोन तारखा टिपते: लिहिला कधी आणि हाती पडला कधी. नव्यानं या विषयाकडे वळणाऱ्यांनी ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

अमेरिका आणि ब्रिटनमधला ‘जे करार’च बघा. अमेरिकेचे दूत जॉन जे यांनी लंडनमध्ये १९ नोव्हेंबर १७९४ला सही केली. कागद तेव्हाच्या राजधानीत, फिलाडेल्फियाला आले ७ मार्च १७९५ला, तोवर काँग्रेसचं अधिवेशन आटोपलेलं. अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी मजकूर गुप्त ठेवून जूनमध्ये सिनेटची खास बैठक बोलावली. २४ जूनला २० विरुद्ध १० मतं पडली, म्हणजे लागणारे दोन तृतीयांश अगदी काठावर. तेही बारावं कलम स्थगित ठेवून. त्या कलमानं वेस्ट इंडीजच्या व्यापारात अमेरिकेची फक्त ७० टनांपर्यंतची जहाजं चालणार होती, आणि त्या बदल्यात साखर, कॉफी, कापूस अमेरिकी जहाजांतून इतर देशांत न्यायला बंदी! म्हणून करार मुळातून वाचा, सारांशावर विसंबू नका. तेराव्या कलमात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश बंदरांत अमेरिकी जहाजांना व्यापाराची मुभा आहे. म्हणजे आपली मुंबईसुद्धा त्यात आली. ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

साधनांसाठी ‘फाउंडर्स ऑनलाइन’ फुकट आहे. वॉशिंग्टन, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन यांची पत्रं तिथं तारखेनुसार शोधता येतात. थोडं फ्रेंच शिकलात तर फारच उत्तम.

मग लुइझियानाकडे, म्हणजे फ्रान्सच्या ताब्यातल्या उत्तर अमेरिकेतल्या अफाट मुलखाकडे या. पॅरिसमधले अमेरिकी दूत लिव्हिंग्स्टन आणि मन्रो यांना हुकूम होता फक्त न्यू ऑर्लिन्स आणि फ्लोरिडा विकत घेण्याचा. ११ एप्रिल १८०३ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ताल्लेराँ यांनी लिव्हिंग्स्टनना विचारलं, सगळा लुइझियानाच घेता का? ब्रिटनशी युद्ध पुन्हा तोंडावर आलेलं, नेपोलियनला पैसा हवा होता. नव्या राजधानीला, वॉशिंग्टन शहरी, विचारून उत्तर येईपर्यंत काही महिने गेले असते. दोघांनी न विचारताच दीड कोटी डॉलरचा सौदा ठरवला. करारावर तारीख ३० एप्रिलची आहे. आता अध्यक्ष असलेल्या जेफरसन यांना ते कळलं जुलै उजाडल्यावर.