रेकॉर्डरवर ‘सा’ हलवायला शिकवताना

लहान मुलांच्या हातात रेकॉर्डर, म्हणजे उभं धरून फुंकायचं बासरीसारखं पाश्चात्त्य वाद्य, दिला की पहिल्या तासाला मी फुंकच मारू देत नाही. डावा हात वर, उजवा खाली. डावा अंगठा मागच्या भोकावर, त्याच हाताची पुढची तीन बोटं पहिल्या तीन भोकांवर. क्षणभर दाबून धरायला सांगते, मग बोटं उलटी करून बघायची. पेरावर पूर्ण गोल ठसा उमटला असेल तर भोक नीट झाकलं गेलंय. ठसा अर्धाच असेल तर हवा तिथूनच निसटणार आणि सूर किंचाळणार. मुलं हे ठसे एकमेकांना दाखवत बसतात, बसू द्या.

फुंक हळू, ‘दू’ म्हणत. अंगठा आणि पहिलं बोट म्हणजे बी (पाश्चात्त्य सुरांची नावं अशी अक्षरांची असतात), दुसरं ठेवलं की ए, तिसरं ठेवलं की जी. इथेच, पहिल्याच आठवड्यात, मी जीला सा म्हणते. मग बी-ए-जी झालं ग-रे-सा. पट्टी बदलणं हा वरच्या वर्गाचा विषय आहे, असं मला अजिबात वाटत नाही. जे मूल गाऊ शकतं, त्याला सा कुठूनही धरता येतो. फक्त बोटांना ते कळायला हवं.

पुढे उजव्या हाताचे सूर आले की तेच ग-रे-सा डीपासून मागते. मुलं एफ, ई, डी वाजवतात आणि थबकतात. मागे एका आठ वर्षांच्या मुलीने रेकॉर्डर खाली ठेवला आणि म्हणाली, “हा ग रडतोय.” अगदी बरोबर! तो कोमल झाला होता. ई आणि एफ यांत अर्ध्याच सुराचं अंतर आहे, आपल्याला पूर्ण हवं होतं. अशा वेळी लगेच उत्तर सांगू नका. आधी गाऊन घ्या, मग एफ शार्प, म्हणजे एफपेक्षा अर्धा सूर वरचा, दाखवा: डावा हात पूर्ण बंद, चौथं भोक उघडं, पाचवं-सहावं बंद, सातवं उघडं. कानाने आधी मागितलेला सूर बोटं विसरत नाहीत.

ही बोटं बरोक पद्धतीची; रेकॉर्डर बरोक आणि जर्मन अशा दोन पद्धतींचे मिळतात. वर्गातले सगळे रेकॉर्डर एकाच पद्धतीचे आहेत ना, हे आधी तपासा. चौथं भोक पाचव्यापेक्षा मोठं दिसलं तर तो जर्मन पद्धतीचा. त्यावर साधा एफ सोपा, पण एफ शार्प त्रास देतो. मी बरोकच घ्यायला सांगते.

आल्टोची, म्हणजे आकाराने मोठ्या आणि खालच्या सुरांच्या रेकॉर्डरची, घाई नको; आतापर्यंतचा लहान रेकॉर्डर म्हणजे सोप्रानो. त्याची बोटं तीच, पण सुरांची नावं वेगळी. सोप्रानोवर सगळी भोकं बंद केली की सी, आल्टोवर एफ. सोप्रानोचा जी तिथे सी होतो. एकदा मी आल्टोबरोबर लगेच कोणत्या बोटांना कोणता सूर हे दाखवणारा नवा तक्ता वाटला आणि वर्ग दोन आठवडे दोन्ही वाद्यांवर चुकत राहिला. आता तक्ता शेवटी. आधी ओळखीची धून त्याच बोटांनी आल्टोवर वाजवायची. ती पंचमाच्या अंतराने खाली ऐकू येते, पण ग-रे-सा तेच राहतात. मग विचारते, “आता सा कोणता?” पियानोवर शोधून मुलं स्वतःच सी सांगतात. त्यानंतर तक्ता हातात दिला की तो पाठ करावा लागत नाही.