अमेरिकन मॅनेजरच्या हाताखाली काम करताना

अमेरिकेतल्या कंपनीत नव्याने रुजू झालेल्या मराठी माणसाचं काम येत नाही म्हणून क्वचितच अडतं. अडतं ते मॅनेजरला काय, कधी आणि किती सांगायचं इथे. पुण्यात लीड दिवसातून दोनदा खुर्चीपाशी येऊन "कुठवर आलं?" विचारतो. इथला मॅनेजर बहुधा काम सोपवतो, तारीख ठरवतो आणि बाजूला होतो. तुमच्याकडून काही कळलं नाही, तर सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय असं तो धरून चालतो आणि त्या भरवशावर वरिष्ठांना, ग्राहकाला पुढची तारीख देऊन बसतो. काम तीन दिवस लांबलं तर तो सांभाळून घेईल. ते शेवटच्या संध्याकाळी कळलं, तर पुढच्या वेळी तुमच्यावर विसंबणार नाही.

म्हणून तारीख हुकेल अशी शंका आली त्याच दिवशी लिहून कळवा, खात्री पटेपर्यंत थांबू नका. रात्री जागून भरून काढू, मग सांगायची वेळच येणार नाही, हा हिशेब नेहमी चुकतो, कारण बहुतेक वेळा अडथळा दुसऱ्या टीमकडे असतो आणि रात्री तिथे कोणी नसतं. निरोप साधारण असा असावा (अर्थात इंग्रजीत, पण याच क्रमाने):

"रिपोर्ट गुरुवारी द्यायचा ठरला होता, आता सोमवार होईल. पेमेंटचा टेस्ट सर्व्हर कालपासून बंद आहे, तो दुसऱ्या टीमच्या ताब्यात आहे. गुरुवारी पेमेंट वगळून बाकीचा भाग देता येईल, किंवा सोमवारी सगळं एकदम. मला पहिला पर्याय बरा वाटतो. उद्या दुपारी बारापर्यंत कळवलंत तर तसं करतो."

यात तीनदा सॉरी नाही, काय काय करून पाहिलं याचा पाढा नाही. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "मला पहिला पर्याय बरा वाटतो" हे आहे. नुसती अडचण आणून टेकवणारा माणूस इथे कच्चा समजला जातो. तुमचा पर्याय नाकारला गेला तरी चालेल, पण मत हवंच.

याचीच दुसरी बाजू म्हणजे "हो". मीटिंगमध्ये ऐकतोय एवढ्यासाठी मान हलवली, तरी समोरचा ते कबूल केलं असं समजू शकतो. अंदाज नसेल तर "बघून उद्या दुपारपर्यंत सांगतो" म्हणा आणि खरोखर सांगा. आधीच हात भरलेले असताना नवं काम आलं, तर थेट नाही म्हणायची गरज नसते. "हे घेतो, पण मग आधीचं काम पुढच्या आठवड्यात जाईल. आधी कोणतं करू?" असं विचारा. क्रम ठरवणं हे मॅनेजरचंच काम आहे आणि हा प्रश्न त्याला खटकत नाही. सगळंच घेऊन सगळंच अर्धं ठेवणं मात्र खटकतं.

आता वन-ऑन-वन. आठवड्याला किंवा पंधरवड्याला अर्धा तास मॅनेजरसोबत एकट्याने बसायचं असतं. तिथे टिकिटांची, म्हणजे सिस्टिममध्ये नोंदवलेल्या कामांची, यादी वाचून दाखवणं ही सर्रास होणारी चूक. ती यादी सिस्टिममध्ये दिसतेच. ही वेळ तुमची असते, त्यामुळे विषयही तुम्हीच आणायचे. दोघांना दिसेल असं एक डॉक्युमेंट ठेवा आणि आदल्या दिवशी त्यात तीनच मुद्दे लिहा: कुठे अडलंय, कोणता निर्णय हवाय, आणि स्वतःच्या कामाबद्दल एक प्रश्न. तो प्रश्न नेमका असावा. "माझं कसं चाललंय?" विचारलं तर उत्तर "ग्रेट" येतं आणि हाती काही लागत नाही. "मंगळवारच्या डिझाइन रिव्ह्यूत मी काय वेगळं करायला हवं होतं?" असं विचारलं की खरं उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

उत्तर बहुधा दोन कौतुकांच्या मध्ये गुंडाळून येतं. मधला भाग वहीत उतरवा. "तुम्ही कदाचित असं करून पाहू शकता" हे मॅनेजरच्या तोंडून आलं की ती सूचना पाळायचीच, असं धरा. तीच गोष्ट दुसऱ्यांदा ऐकू आली, तर कामगिरीच्या रिव्ह्यूत ती लेखी येणार हे नक्की समजा.

रिव्ह्यूच्या आधी स्वतःचं मूल्यमापन लिहावं लागतं आणि तिथे आपली माणसं "आम्ही केलं" लिहून मोकळी होतात. टीमचं श्रेय जरूर द्या, पण तुम्ही नेमकं काय केलंत आणि त्याने काय बदललं हे वेगळं लिहा. दर शुक्रवारी दहा मिनिटं काढून नोंद ठेवली तर वर्षअखेरीस डोकं खाजवावं लागत नाही. बढतीचं बोलणं निदान सहा महिने आधी काढा. रिव्ह्यूच्या बैठकीत विचारलं तर तोवर नावं ठरलेली असतात.

सर-मॅडम सोडा, व्हाइस प्रेसिडेंटलाही पहिल्या नावानेच हाक मारतात. तिसरं माणूस शेजारी असेल तर मराठी-हिंदी थांबवा. वय, लग्न, मुलं कधी, धर्म, आजारपण हे विषय ऑफिसात काढू नका. उमेदवाराची मुलाखत घेताना तर अजिबात नको: 1964च्या नागरी हक्क कायद्यापासून भेदभावाविरुद्धचे नियम कडक आहेत आणि तुमचा साधा प्रश्न कंपनीवर दावा होण्यास कारण ठरू शकतो. आपल्याच लोकांसाठी आणखी एक: "आडनाव काय, मूळचे कुठले" असं विचारत जातीपर्यंत पोहोचायची सवय इथे आणू नका. सिअ‍ॅटल शहराने 2023मध्ये जातीवरून भेदभावाला कायद्याने बंदी घातली आहे. कायदा नसता तरी हे प्रश्न समोरच्याला टोचतातच.

भारतात सुट्टीवर जाऊन "दोन आठवडे तिथूनच काम करतो" हे लेखी परवानगीशिवाय करू नका. कर आणि डेटा सुरक्षेचे प्रश्न उभे राहतात. एच-1बीवर, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावर, असाल तर घर बदलण्याआधीही एचआरला विचारा. कामाचं ठिकाण रोज ये-जा करता येण्याजोग्या परिसराबाहेर गेलं, तर नोकरी देणाऱ्याला आधी सुधारित अर्ज भरावा लागतो. घरून काम करणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही.

शेवटी नोकरी जाण्याबद्दल, कारण इथे बहुतेक राज्यांत नोटीस न देताही काढता येतं. लेखी सुधारणा योजना, म्हणजे पीआयपी, हातात पडली की तिच्यातली प्रत्येक अट पाळाच, पण त्याच दिवशी दुसरी नोकरी शोधायलाही लागा. एच-1बीवर नोकरी गेल्यास अमेरिकेत राहायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, आय-94ची (कधीपर्यंत राहता येईल हे दाखवणाऱ्या प्रवेशनोंदीची) मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. सेव्हरन्सची, म्हणजे काढताना कंपनी देते ती, रक्कम मिळाली म्हणून ही मुदत वाढत नाही. तेवढ्यात नव्या कंपनीचा अर्ज दाखल व्हायला हवा किंवा व्हिसाचं स्टेटस बदलण्याचा अर्ज तरी. सेव्हरन्सच्या कागदावर लगेच सही करू नका, त्यात बहुधा कंपनीवर दावा करण्याचे हक्क सोडून दिल्याचं लिहिलेलं असतं. वय 40 किंवा जास्त असेल, तर वयाबाबतचे हक्क सोडून देण्याआधी विचार करायला निदान 21 दिवस द्यावे लागतात. ऑफिसचा ईमेल मात्र काही मिनिटांत बंद होतो. त्यामुळे ऑफर लेटर, आय-797 (व्हिसाच्या अर्जाबद्दलचं सरकारी पत्र) आणि पगाराच्या पावत्यांच्या प्रती पहिल्या महिन्यापासून घरी ठेवा. कंपनीची बाकी कोणतीही फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका.