लकव्यानंतरच्या हातासाठी व्हीआरमध्ये स्पर्श: बोटांवर कंपन-मोटर कशी बसवावी

व्हीआरमधला (हेडसेटमध्ये दिसणाऱ्या आभासी जगातला) कप पेशंटला दिसतो, पण हाताला लागत नाही. बोटं कपाच्या आरपार जातात आणि पकड कुठे थांबवायची तेच कळत नाही. बोटावरची छोटी कंपन-मोटर ही उणीव बऱ्यापैकी भरून काढते. मात्र कंपनाच्या जोरापेक्षा ते वेळेवर येतं का आणि पेशंटला जाणवेल अशा जागी येतं का, याला जास्त महत्त्व आहे.

एका हातासाठी लागतात: १० मिमी व्यासाच्या, ३ व्होल्टच्या पाच चपट्या कंपन-मोटर, बॅटरीचं सॉकेट असलेला ईएसपी-३२ बोर्ड (हेडसेटकडून ब्लूटूथवर संदेश घेऊन मोटर चालवणारा), पाच २एन२२२२ ट्रान्झिस्टर, १ किलोओमचे पाच रेझिस्टर, पाच १एन४१४८ डायोड, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि संरक्षण सर्किट असलेली ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत सगळं मिळतं.

मोटर थेट बोर्डाच्या पिनला जोडू नका, पिनला तेवढा करंट झेपत नाही. पिनमधून रेझिस्टरमार्गे ट्रान्झिस्टरच्या बेसला, एमिटर ग्राउंडला, मोटर कलेक्टर आणि बॅटरीच्या धन टोकामध्ये. डायोड मोटरला समांतर, पट्टी धनाकडे. पाचही मोटर एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज क्षणभर खचतं, बोर्ड रीसेट होतो, ब्लूटूथ तुटतं आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो. म्हणून कपॅसिटर बोर्डाच्या अगदी जवळ लावा आणि मोटर १० मिलिसेकंदांच्या फरकाने सुरू करा. पूर्ण चार्ज बॅटरी ४.२ व्होल्ट देते, तेव्हा सलग चालवताना पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून जोर ठरवण्याची पद्धत) ७५ टक्क्यांवर रोखा. कमी जोराचं कंपन हवं म्हणून सुरुवातीलाच कमी जोर दिला तर मोटर जागची हलतच नाही. आधी ३० मिलिसेकंद पूर्ण जोर, मग खाली आणा.

सगळ्यात जास्त बिघाड होतो तो मोटरच्या केसासारख्या बारीक वायरींचा. त्या मोटरच्या कडेलाच तुटतात. तिथे गरम गोंदाचा एक थेंब टाका आणि बोटाच्या प्रत्येक सांध्यावर वायर थोडी सैल ठेवा.

पूर्ण हातमोजा टाळा. आखडलेली मूठ त्यात घालताना पेशंट आणि थेरपिस्ट दोघंही दमतात, शिवाय हेडसेटच्या कॅमेऱ्याला बोटं नीट ओळखता येत नाहीत. लवचिक वेल्क्रोच्या अंगठ्या करा आणि मोटर शेवटच्या पेरावर नखाच्या बाजूला ठेवा. मूठ मिटली तरी ती तळव्यात रुतत नाही.

बसवल्यावर जाणीव तपासा. पेशंटने डोळे मिटायचे. प्रत्येक बोटाची मोटर क्रम न ठेवता दहादा वाजवा आणि कोणतं बोट ते विचारा. आठपेक्षा कमी बरोबर आले तर त्या बोटाची मोटर मनगटाकडे, जाणीव शाबूत असेल तिथे सरकवा. बधिर बोटावर जोर वाढवत नेणं हा उपाय नव्हे; त्वचा लाल झाली तरी पेशंटला कळणार नाही.

वेळ मोजायला मोटरला समांतर एलईडी लावा (सोबत २२० ओमचा रेझिस्टर). हेडसेटचं चित्र भिंगातून आणि एलईडी एकाच चौकटीत मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये घ्या. चित्रात बोट कपाला टेकल्यापासून एलईडी लागेपर्यंत १२ फ्रेम, म्हणजे ५० मिलिसेकंद, ही मर्यादा धरा. मोटरला वेग घ्यायला लागणारा वेळ यात येत नाही, म्हणून त्याहून कमी मिळेल तितकं बरं. उशीर होत असेल तर ब्लूटूथचा कनेक्शन इंटरव्हल (दोन उपकरणं किती वेळाने एकमेकांशी बोलतात ते अंतर) १५ मिलिसेकंदांपर्यंत खाली आणा आणि दर फ्रेमला संदेश न पाठवता फक्त स्पर्श सुरू होताना आणि सुटताना पाठवा.

टेकताना ८० मिलिसेकंदांचा एक ठोका आणि पकड टिकवताना अधूनमधून हलके ठोके पुरतात. सलग कंपनाने बोट सरावतं आणि काही जाणवेनासं होतं. स्नायू किंवा त्याच्या टेंडनवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर) सलग कंपन दिलं तर स्नायू उलट आवळू शकतो, त्यामुळे मोटर सरकवताना मनगटाच्या आतल्या बाजूचे टेंडन टाळा.

सेशन बसूनच घ्या, सुरुवातीला दहा मिनिटांचं. फिट येण्याचा इतिहास, पेसमेकर किंवा हातावर जखम असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बॅटरी दंडाच्या पट्ट्यात ठेवा, हातावर असताना कधीही चार्ज करू नका. अंगठ्या काढल्यावर प्रत्येक बोट बघा. वळ किंवा सूज दिसली तर पुढच्या वेळी वेल्क्रो सैल करा. पकड जमू लागली की ठोका एक आड एक प्रयत्नालाच द्या, नाहीतर हात त्याच्यावरच विसंबतो.