धरणांच्या काठाने, वाहनांपासून दूर : नाशिकच्या सायकलस्वारांसाठी तयारीची यादी

नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर, काश्यपी, गौतमी, मुकणे, दारणा, भावली आणि वैतरणा अशी धरणांची रांग आहे, तर पूर्वेला निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा उथळ जलाशय पसरलेला आहे. युरोपात बोडेन सरोवराभोवती तीन देशांतून जाणारा, अडीचशे किलोमीटरहून अधिक लांबीचा सायकलमार्ग आखलेला आहे. तशी आखीव सोय आपल्याकडे एकाही धरणाच्या काठी नाही. गावरस्ता, शिवाररस्ता आणि पाटाच्या कडेचा रस्ता यांचे तुकडे जोडत आपला मार्ग आपणच तयार करावा लागतो, आणि त्या तुकड्यांवर वाहने केव्हा नसतात हे आधी ठाऊक असावे लागते. म्हणून या यादीत सायकलीच्या आधी दिनदर्शिका येते.

प्रथम वार आणि तिथी पाहावी. श्रावणातल्या सोमवारी, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेमुळे त्र्यंबकेश्वराकडे जाणारा प्रत्येक रस्ता माणसांनी आणि बसगाड्यांनी भरलेला असतो. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा असते. त्याआधीच्या दिवसांत दिंड्या चालत येतात, आणि तो रस्ता तेव्हा वारकऱ्यांचा आहे असे समजून सायकलस्वाराने दुसरी दिशा धरावी. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पहिने आणि भावली या भागात मुंबई-पुण्याच्या मोटारी एवढ्या येतात, की एरवी ज्या वळणावर फक्त गुरे भेटतात तिथेही रांग लागते. गंगापूर धरणाच्या बाजूला सावरगावच्या वायनरींकडे जाणारी सुट्टीच्या दुपारची वर्दळ वेगळीच. गिरणाऱ्याचा टोमॅटोचा बाजार भरात असला, म्हणजे दुपारनंतर क्रेट लादलेल्या पिकअप गाड्या अरुंद रस्त्यावरून घाईने धावतात, तेव्हा त्या भागातून सकाळीच परत फिरलेले बरे. निफाडच्या बाजूला ऊसतोडणी सुरू झाली, की दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर हा एकच धोका लक्षात ठेवला तरी पुरे : मागच्या ट्रेलरचा शेपटा वळणावर किती बाहेर येईल याचा अंदाज चालकालाही नसतो, म्हणून त्याला ओलांडू नये, उतरून कडेला थांबावे. सिंहस्थ जवळ आला आहे, तेव्हा त्र्यंबक रस्त्यावर कुठे खोदकाम चालू आहे याचीही आदल्या दिवशी चौकशी करावी. हे सारे वगळल्यावर मधल्या वारांच्या सकाळी उरतात, आणि माझ्या मते कार्तिकापासून माघापर्यंतच्या या सकाळींना तोड नाही.

दिवस ठरला की वेळ ठरवावी लागते, आणि येथे दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. वाहने टाळायची तर जितके लवकर निघावे तितके चांगले. पण गोदाकाठच्या उसात बिबट्याचा वावर आहे, आणि अंधारात उसाच्या दोन फडांमधल्या रस्त्याने एकट्याने जाणे हे शौर्य नव्हे. जानेवारीत नाशिकला सूर्य सातनंतर उगवतो. शहरातला आणि महामार्गालगतचा टप्पा दिवे लावून अंधारात पार करावा आणि शेतांतला रस्ता तांबडे फुटल्यावर धरावा, असा हिशेब करून निघण्याची वेळ मागे मोजत यावे. पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा रात्रीच चार्ज झालेला असावा.

मार्ग निवडताना पहिल्या खेपेला गंगापूरच्या बाजूने गोवर्धन, गिरणारे आणि तिथून काश्यपीकडे असा पल्ला ठेवावा, कारण चढ सोसवणारे आहेत आणि मधे गावे आहेत. घोटीहून वैतरणा धरणाच्या फुगवट्याकडून, म्हणजे भिंतीमागे साचलेल्या पाण्याच्या बाजूने, त्र्यंबकला येणारा रस्ता सर्वांत देखणा आहे, परंतु तो अंगात दम असलेल्यांसाठी आहे. नांदूर मध्यमेश्वरला चांदोरी-सायखेड्यावरून जाता येते. रस्ता सपाट आहे, मात्र एका बाजूचेच अंतर चाळीस किलोमीटरच्या पुढे जाते. गाळ साठून उथळ झालेला हा जलाशय २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरला. इथल्या पक्षी अभयारण्यात सायकल कुठवर नेता येते हे प्रवेशद्वारापाशी विचारून घ्यावे, आणि दुर्बिणीला पिशवीत जागा ठेवावी. समृद्धी महामार्गावर सायकलला मज्जाव आहे, त्यामुळे नकाशावर तो सोयीचा दिसला तरी त्याचा विचार करू नये.

पाटाच्या कडेचा रस्ता हा या भागातला सर्वांत निवांत रस्ता, पण तो सहलीसाठी बांधलेला नाही. तो जलसंपदा विभागाच्या कामाचा आहे, त्यामुळे जिथे फाटक किंवा मज्जावाची पाटी असेल तिथून निमूटपणे वळावे. धरणाच्या भिंतीवर जाण्याचा तर प्रश्नच नाही. आवर्तन, म्हणजे पाटाला शेतीसाठी पाणी सोडण्याची पाळी, सुरू असताना पाझरामुळे हा रस्ता जागोजागी भिजलेला असतो. आवर्तन कधी सुटणार हे पाटकरी किंवा पाटाकाठचा कोणताही शेतकरी सांगू शकतो, आणि फोनवरच्या नकाशापेक्षा त्याचा शब्द अधिक खात्रीचा असतो. पावसाळ्यात गंगापूरमधून विसर्ग किती क्युसेकने चालू आहे ही बातमी निघण्यापूर्वी पाहावी. नाशिककर ज्यावरून पुराचा अंदाज घेतात त्या रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले असेल, तर चांदोरी-सायखेड्याचा बेत त्या दिवसापुरता रद्द करावा.

आता सायकल. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका ही शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून शहरात वेगाच्या सायकलींचे कौतुक आहे, परंतु धरणकाठी बारीक टायरची सायकल कामाची नाही. पस्तीस ते चाळीस मिलिमीटर रुंदीचे टायर असलेली साधी हायब्रिड सायकल उत्तम, आणि मुरमाच्या रस्त्यावर टायरमधली हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी. दोन ट्यूब, पॅचचे साहित्य, टायर काढण्याच्या पट्ट्या, छोटा पंप आणि षटकोनी चाव्यांचा संच एवढे सोबत असावे. येथे पंक्चर बहुतेक वेळा बाभळीच्या काट्याने किंवा सराट्याने होते. ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून रुमाल फिरवावा. जिथे धागा अडकेल तिथे काट्याचे टोक रुतून बसलेले असते, बाहेरून ते दिसतही नाही, आणि ते चिमट्याने उपटले नाही तर नवी ट्यूब शंभर पावलांत बसते. या कामाला बोट लावू नये. चिमटा विसरणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून तो पॅचच्या डबीतच कायम ठेवावा.

पावसानंतर निफाडकडची काळी माती टायर आणि मडगार्ड यांच्यात इतकी घट्ट बसते, की चाक फिरेनासे होते. तिथे ताकद लावून पॅडल मारल्यास चेन तुटते. काटकीने माती खरवडणे एवढाच उपाय असतो. शेतकरी जसा वाफसा येण्याची, म्हणजे ओली माती कामापुरती सुकण्याची, वाट पाहतो, तशी सायकलस्वारानेही पाहावी. पश्चिमेकडे जमीन मुरमाड आहे आणि पाणी लवकर निचरते, पण तिथला पाऊस निराळा : इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, निफाडला त्याच्या पाव हिस्साही नाही. उन्हाळ्यात फुगवटा ओसरला, की मोकळी पडलेली जमीन सपाट आणि कोरडी दिसते आणि तिच्यावरून आडवे जाण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण वरून भेगाळलेला गाळ आतून ओला असतो आणि चाक वीतभर रुतते. शिवाय तिथे बहुधा कोणाची तरी गाळपेर, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळात केलेली पेरणी, असते.

कपड्यांत हिवाळ्यासाठी हातमोजे आणि वाऱ्याला अडवणारे पातळ जाकीट विसरू नये. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचे नाव दरवर्षी येते, आणि बधिर बोटांनी ब्रेक दाबला जात नाही. हेल्मेटबद्दल वेगळे सांगायला नको.

पाणी माणशी दोन बाटल्या आणि ओआरएसची दोन पाकिटे पुरतात. खाण्यासाठी शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू किंवा दशमी घ्यावी. मिसळ परतीच्या वाटेवर खावी, चढाच्या आधी नव्हे. सुटे पैसे जवळ असावेत, कारण वैतरणेच्या बाजूला नेटवर्क जाते आणि चहाच्या टपरीवर क्यूआर कोड लावलेला असला तरी पैसे पोहोचत नाहीत.

त्याच कारणाने नकाशा आधी उतरवून ठेवावा, आणि कोणत्या गावावरून जाणार व किती वाजेपर्यंत परत फोन करणार हे घरी एका कागदावर लिहून ठेवावे. दोघे तरी बरोबर असावेत, म्हणजे वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर उतरून, सायकल आडवी धरून, शांतपणे पुढे चालत जाता येते. कुत्र्यांपुढे वेग वाढवणाऱ्याचा ती हमखास पाठलाग करतात. धरणाच्या पाण्यात कोणी पोहायला उतरायचे नाही, हे मात्र निघण्यापूर्वीच सर्वांकडून कबूल करून घ्यावे : काठ उथळ दिसला तरी पुढे खोली एकदम वाढते, आणि मदतीला हाक मारावी तर जवळपास कोणीच नसते.